कोनाड्यातली कपबशी

हिंगणटाका, ता. वडवणी
१९ मार्च

चि. सौ. रोहिणीस,

सासरा सटवाजी याचा आशीर्वाद. पोरगा लखन तिकडं येतोय, त्याच्या हाती हे पत्र देत आहे. फोनवर बोललो असतो, पण तू माझ्याशी बोलत नाहीस. आपल्या घरात सून सासऱ्यापुढं तोंड उघडत नाही आणि लग्न झाल्यापासून तू ती रीत नीट पाळलीस. फोन तिथं तुझ्याजवळ असलेल्या सासूकडं जातो. ती अर्धं सांगते आणि अर्धं आपल्या मनाचं घालते. म्हणून कागद.

नात कशी आहे? लखन म्हणाला, दिवस भरायच्या आधी आल्यामुळं अजून काचेच्या पेटीत आहे आणि नाकात नळी आहे. मेंढरं सोडून मला अंबाजोगाईला येता आलं नाही. सकाळी खंडोबाला भंडारा वाहताना तिचं नाव घ्यावं म्हणतो, पण नाव अजून ठेवलेलं नाही. मग नुसतं 'आमचं लेकरू' म्हणतो. देवाला कळत असेल.

आता मुद्दा. लखन सांगतो की तू तुझं दूध तिथल्या दवाखान्यातल्या दुधाच्या पेढीत देतेस, ते परक्या लेकरांना पाजतात, आणि पाजण्याआधी तापवतात. हे ऐकल्यावर मला घास गेला नाही. आपण शेळ्यामेंढ्या सांभाळणारी माणसं. दूध उतू जाऊन चुलीत पडलं की जनावराच्या कासेला भेगा पडतात, हे आपण मानतो. तसं झालं की तुझी सासू विस्तवावर लगेच पाणी शिंपडते, ते तू पाहिलं आहेस. जनावराचं असं, तर बाईचं कसं? तुझं दूध विस्तवाला लागलं आणि तू आटलीस, तर आपल्या लेकरानं काय प्यायचं?

तेव्हा हे बंद कर. माझा शब्द आहे असं समज. हे पत्र सासूला वाचून दाखवलंस तरी चालेल, पण ती जे बोलेल ते मला लिहू नकोस.

सटवाजी


अंबाजोगाई
२३ मार्च

ती. मामांस,

रोहिणीचा नमस्कार. कागदावर पदर घ्यावा लागत नाही, म्हणून मोकळं लिहिते. काही चुकलं तर लेक समजून सोडून द्या.

तुमची नात बरी आहे. माझं दूध काढून नळीनं तिला देतात, एका वेळी दोन-तीन चमचे. त्यापेक्षा जास्त तिला पेलत नाही. मला मात्र भरपूर येतं. उरलेलं मी पेढीत देत होते.

तापवण्याचं तुम्ही लिहिलंत ते मी आत्याबाईंना वाचून दाखवलं. त्या घाबरल्या आणि तडक पेढीत गेल्या. मी मागं. तिथं वैष्णवी सिस्टर असतात.

"चूल कुटं हाय तुमची?" आत्याबाईंनी विचारलं.

"आजी, चूल नाही. बाटल्या गरम पाण्याच्या भांड्यात ठेवतो. रोगजंतू मरावेत म्हणून."

"उतू जातं का?"

"बाटलीला झाकण असतं. कसं उतू जाईल?"

आत्याबाईंनी ते भांडं चारी बाजूंनी पाहिलं. मग म्हणाल्या, "तरीबी बाई, भोवती थोडं पानी शिंपडत जा. आपलं काय जातंय?" सिस्टर हसल्या. पण आमच्या देखत त्यांनी बोटं बुडवून चार थेंब शिंपडले खरे.

म्हणजे विस्तवाला लागत नाही, मामा. तरीही तुमचा शब्द आहे म्हणून मी कालपासून देणं बंद केलं आहे. आत्याबाई काय म्हणाल्या ते तुमच्या सांगण्याप्रमाणे लिहीत नाही.

रोहिणी


हिंगणटाका
२५ मार्च

चि. सौ. रोहिणीस, आशीर्वाद.

शहाणी आहेस. ऐकलंस, बरं वाटलं. लखनसोबत डिंकाचे लाडू आणि लसणाची चटणी पाठवली आहे. लाडू शेजारच्या वनमालाकाकूंनी वळले, चटणी मी कुटली. तिखट झाली असेल तर सासूला दे, तिला काही होत नाही.

परक्यांच्या लेकरांचं त्यांची माणसं बघतील. तू आपलं बघ.

सटवाजी


अंबाजोगाई
३१ मार्च

ती. मामांस, नमस्कार.

लाडू मिळाले. तुमच्या पत्राला लगेच उत्तर दिलं नाही, कारण मी तापानं पडले होते. लखनला मी 'घरी सांगू नका' म्हणून बजावलं होतं, त्यांच्यावर रागावू नका.

मामा, एक विचारते. दुभत्या शेळीची धार काढलीच नाही, तर तिचं काय होतं? हे तुमच्याइतकं कुणाला माहीत आहे? तुमच्या नातीला चमचाभर लागतं. बाकीचं काढून मोरीत ओतायला माझा हात धजेना, आणि पेढीत द्यायचं नाही असा तुमचा शब्द. मग मी काढलंच नाही. छातीत गाठी आल्या, दगडासारख्या. अंग फणफणलं. आणि दूध कमी झालं. तुम्ही ज्याला भीत होता तेच झालं, पण देण्यानं नाही, राखून ठेवण्यानं.

आत्याबाईंनी गरम फडक्यानं शेकून शेकून गाठी सोडवल्या. वैष्णवी सिस्टरनी औषध दिलं. आता मी बरी आहे.

दुसरं सांगायचं आहे ते असं. माझ्या शेजारच्या खाटेवर सिरसाळ्याची एक म्हातारी बसून असते. तिची सून स्वप्नाली जुळी मुलं झाल्यापासून वरच्या मजल्यावर बेशुद्ध आहे. पेढीतलं दूध त्या आठवड्यात कमी पडलं. म्हातारी वाटी-चमचा घेऊन नुसती बसली होती. तिनं मला हात जोडले नाहीत, काही मागितलं नाही. फक्त माझ्या ओल्या झालेल्या पोलक्याकडं बघितलं आणि तोंड फिरवलं. तुम्ही लिहिलं होतं, परक्यांच्या लेकरांचं त्यांची माणसं बघतील. मामा, त्यांची माणसं बघतच होती. बघण्यापलीकडं त्यांच्याजवळ काही नव्हतं.

ताप उतरला, सिस्टरनी तपासलं, आणि मी पुन्हा देऊ लागले आहे. मी तुमची परवानगी मागत नाही. तुम्हाला कळवते आहे. तुमचा शब्द मी एकदा पाळून पाहिला. आता मोडते आहे आणि तो तुमच्यासमोर मोडते आहे, पाठीमागं नाही.

आत्याबाईंनी सांगितलंय की त्यांचं बोलणं या खेपेला लिहायचंच. "लिही त्येनला, मेंढराचं तुमी बगा. पाजायचं आमी बगतो. तुमाला कदी पान्हा फुटलाय का?" हे त्यांचे शब्द, माझे नाहीत.

रोहिणी


हिंगणटाका
४ एप्रिल

चि. सौ. रोहिणीस,

तुझं पत्र तीनदा वाचलं. पहिल्यांदा राग आला. तुला ताप आला होता हे मला कुणी सांगितलं नाही, त्याचा जास्त आला. नंतर लिंबाखाली बसून विचार केला आणि लक्षात आलं की मी तुला खरं कारण लिहिलंच नव्हतं. चुलीचं कारण खोटं नव्हतं, पण ते वरचं होतं.

माझी आई केसरबाई. ती तुझ्या लग्नाआधीच गेली, तू तिला पाहिलं नाहीस. मी पाच वर्षांचा असताना माझ्या पाठीवर बहीण झाली. त्याच महिन्यात गावातल्या मोठ्या घरात आप्पाराव जन्मले. गावचा अर्धा शिवार तेव्हाही त्यांचाच. त्यांची आई तापानं अंथरुणाला खिळली, तिला दूध उतरेना. आमच्या घरी बोलावणं आलं. नाही म्हणायची सोय नव्हती. आमची मेंढरं त्यांच्या रानात बसायची, त्यांनी हाकललं तर आम्ही कुठं जाणार?

आई रोज दोन वेळा जायची. मी तिचा पदर धरून सोबत. आधी त्यांच्या मुलाला पाजायचं. बहिणीला मागून, उरेल ते. पाजून झालं की आईला ओट्यावर चहा मिळायचा. त्यांच्या ओट्याच्या भिंतीत एक कोनाडा आहे, त्यात गड्यामाणसांच्या कपबश्या पालथ्या घातलेल्या असत. त्यातली एक आईनं घ्यायची, चहा प्यायचा, धुवायची आणि पुन्हा पालथी घालायची. तिचं दूध आत माजघरात जायचं. ती ओट्यावर.

माझी बहीण पुढचा पावसाळा पाहायला राहिली नाही. त्यामुळंच गेली असं आई कधी म्हणाली नाही. मीही म्हणत नाही, ते देवाला माहीत. पण मला विसरता येत नाही. आप्पाराव मोठे झाले, पंचायत समितीवर गेले, आणि माझ्या म्हाताऱ्या आईला 'ए केसरे' म्हणून हाक मारायचे. ती गेली तेव्हा ते आले नाहीत, नुसता गडी पाठवला.

म्हणून मी भ्यालो. तुला कुणाची दाई व्हायला मी सून करून आणलं नाही. आमच्या घरातल्या एका बाईचं दूध गेलं आणि नाव राहिलं नाही. दुसरीचं तसं होऊ नये, एवढंच माझं म्हणणं आहे. आणि लखन म्हणतो, तिथं तर नावसुद्धा सांगत नाहीत, कुणाचं कुणाला गेलं ते. मग ते आणि हे वेगळं कसं?

सटवाजी


अंबाजोगाई
७ एप्रिल

ती. मामांस, नमस्कार.

हे पत्र मी आत्याबाईंना वाचून दाखवलं. त्यांनी कागद माझ्या हातातून घेऊन त्याची घडी घातली. मग म्हणाल्या, "इतकी वर्सं संसार केला, ह्ये मला सांगितलं न्हाई." तुम्ही घरी त्यांच्याशी बोला.

वेगळं कसं, ते सांगते. इथं आधी तुमच्या नातीचं पोट. ती प्याल्याशिवाय सिस्टर माझी बाटली घेतच नाहीत. आणि मला कुणी बोलावणं धाडलं नव्हतं. कुणाच्या रानात माझी मेंढरं बसत नाहीत. मला नको वाटेल त्या दिवशी मी देणार नाही आणि कुणी विचारणार नाही. केसरआजीला नाही म्हणता येत नव्हतं. मला येतं, म्हणून माझं हो खरं आहे.

आता नावाचं. परवा सिरसाळ्याच्या म्हातारीला सिस्टरनी जुळ्यांसाठी दूध आणून दिलं. तिनं वाटी हातात घेतली आणि विचारलं, "कुनाचं हाय ह्ये?"

"चार-पाच आयांचं. एकत्र केलेलं."

"पर कुना-कुनाचं? जात-पात काय?"

"ते आता आम्हालाही सांगता यायचं नाही, आजी. मिसळलं की मिसळलं."

म्हातारी वाटीकडं बघत राहिली. मी समोरच बसले होते, पोलकं सावरत. शेवटी ती म्हणाली, "मंग देवाचंच म्हनायचं," आणि तिनं चमचा बुडवला.

मामा, तुम्हाला नाव न सांगण्यात केसरआजीचा झाला तसा अपमान दिसतो. मला उलट दिसतं. कुणाचं दूध हे कुणालाच माहीत नसेल, तर कुणाची कपबशी वेगळी ठेवणार? इथं कोनाडा करताच येत नाही. आप्पारावांच्या घरचं लेकरू उद्या इथं आलं, तर तेही त्याच वाटीतून पिईल.

रागावणार नसाल तर एक लिहिते. तुम्ही आजीचं दुःख लिहिलंत. आजीनं काय केलं ते नाही लिहिलंत. तिनं एक मूल जगवलं. दोन वेळा चालत जाऊन, स्वतःच्या अंगातलं देऊन. हे गावात कधी कुणी मोठ्यानं म्हणालं का? आप्पाराव नाही म्हणणार, ते उघडच आहे. पण तुम्ही? लाज वाटायला हवी ती घेऊन विसरणाऱ्याला. ती तुम्ही आपल्या डोक्यावर इतकी वर्षं का वाहिलीत?

उद्धटपणा झाला असेल. पण खोडत नाही.

रोहिणी


हिंगणटाका
१४ एप्रिल

चि. सौ. रोहिणीस, आशीर्वाद.

हनुमान जयंतीचा सप्ताह पार पडला. काल्याच्या दिवशी जे झालं ते तुला लखन तिखटमीठ लावून सांगेल, म्हणून आधी मीच लिहितो.

तुला माहीत आहे, काल्याचं दही आपल्या घरचं असतं. माझ्या आजोबांपासूनची ही सेवा. या वर्षीही मी दोन मडकी विरजून, वर ओलं फडकं बांधून मारुतीच्या पारावर नेली. कीर्तन संपत आलं होतं. सगळं गाव बसलेलं. लोकांनी आपापल्या घरून लाह्या, पोहे, लोणच्याच्या फोडी आणून परातीत टाकलेल्या. आप्पाराव सप्ताह कमिटीचे अध्यक्ष, पुढं उभे.

"सटवा, मडकी तितंच ठेव," ते म्हणाले. "यंदा तुज्या घरचं दही नको."

"कावून?" मी विचारलं.

"तुजी सून अंबाजोगाईला दूध इकती म्हनं. कुना-कुनाच्या लेकराला पाजत्यात, जात न्हाई, पात न्हाई. असल्या घरचं देवाच्या काल्याला कसं चालंल? आमी वडवनीहून डेअरीचं आनलंय."

मागं दोघं-तिघं हसले. हरिओम, त्यांचा माणूस, "पिशवीतलं हाय, एकदम शुद्द," असं म्हणाला. मी माणसांत फारसा बोलणारा नाही. मडकी उचलून परत निघालोसुद्धा होतो. तेवढ्यात तुझं पत्र आठवलं, 'पण तुम्ही?' असं लिहिलेलं.

मी परत फिरलो. म्हणालो, "आप्पाराव, ती इकत न्हाई. देती. आन काला म्हंजी काय असतोय वो? देवानं सगळ्या गवळ्यांच्या शिदोऱ्या एकात कालवल्या. कुनाची भाकर, कुनाचं दही, इचारलं का त्यानं? माजी सून जे करती, त्ये ह्येच हाय. तिच्या पेढीत रोज काला होतोय."

कीर्तनकार महाराज मान हलवत होते. आप्पाराव म्हणाले, "लई शाना झाला बे तू. घे मडकी आन चल."

तेव्हा मी ते बोललो. "घेतो. पर आदी तुमी परत करा."

"काय परत करू?"

"तुमच्या अंगात माज्या आईचं दूध हाय. केसरबाईचं. तुमची आई तापानं पडली व्हती, तवा दोन टाइम येऊन पाजलंय तिनं तुमाला. त्ये आदी परत करा, मंग मी माजं दही माघारी नेतो."

आप्पारावांचा चेहरा पाहून मला कळलं की त्यांना हे माहीत होतं. नसतं, तर ते चिडले असते.

मग बायकांच्या बाजूनं वनमालाकाकू उठल्या. गुडघ्यावर हात ठेवत पुढं आल्या. "खरं बोलतोय त्यो. मी बगितलंय. केसरआक्का पाजायची आन ह्येची धाकटी भैन तिकडं उपाशी रडायची." त्यांनी माझ्या हातातलं मडकं घेतलं. "आन इकडं. बाप्यांच्या भांडनात दही आंबट व्हईल." आणि ओतलं परातीत. दुसरं मडकं एका लेकुरवाळ्या पोरीनं ओतलं. मी तिला ओळखलंही नाही, नवी सून असावी. डेअरीच्या पिशव्या बाजूलाच राहिल्या. नंतर महाराजांनी त्याही फोडून त्यातच घातल्या. म्हणाले, "काल्यात कुणाला नाही म्हणू नये."

आप्पारावांनी काला हातावर घेतला की नाही ते मी पाहिलं नाही. मला पाहायचंही नव्हतं. मी आईचं नाव गावासमोर घेतलं. मोठ्यानं. घरी येऊन खंडोबापुढं बसलो तर रडूच आलं.

संध्याकाळी दोन बाया लखनला विचारत होत्या, पेढी दवाखान्यात कुठल्या बाजूला आहे म्हणून.

सटवाजी


अंबाजोगाई
१७ एप्रिल

ती. मामांस, नमस्कार.

तुमचं पत्र मी आधी आत्याबाईंना, मग त्यांच्या सांगण्यावरून सगळ्या खाटांना वाचून दाखवलं. सिरसाळ्याच्या म्हातारीनं 'परत करा'वाला भाग दोनदा वाचायला लावला. तिची स्वप्नाली शुद्धीवर आली आहे. जुळी अजून वाटी-चमच्यावरच आहेत, पण रडायला लागली आहेत. आवाज बारीक आहे, तरी सिस्टरना ते फार आवडतं.

तुमच्या नातीची नळी काढली. आता ती स्वतः पिते, जोर करून. पुढच्या बुधवारी आम्हाला घरी सोडतील. आपल्या गावाहून आलेल्या दोन्ही बायांना मी इथं सगळं दाखवून ठेवलं आहे. त्यांच्यासोबत त्यांच्या सासवाही आल्या होत्या, चूल शोधत.

एकच विचारायचं राहिलं. मी घरी आल्यावर पुन्हा तुमच्यापुढं गप्प बसायचं का? इतकं बोलून झाल्यावर ते मला जमेल असं वाटत नाही. आधी सांगून ठेवते.

रोहिणी


हिंगणटाका
२० एप्रिल

चि. सौ. रोहिणीस, आशीर्वाद.

काल सकाळी मी आप्पारावांच्या घरी गेलो. ते ओट्यावर बसले होते. मी म्हणालो, "माज्या आईची कपबशी तुमच्या कोनाड्यात हाय. न्यायला आलोय." त्यांच्या घरच्या बाई प्रियदर्शनी बाहेर आल्या. कोनाडा तिथंच आहे, कपबश्याही आहेत, तशाच पालथ्या.

"कंची तुमच्या आईची?" त्यांनी विचारलं.

मी बघत राहिलो. काही जुन्या, जाड, टवके उडालेल्या. काही नव्या. मला ओळखता येईना. आईची कदाचित कधीच फुटलीही असेल. पाचव्या वर्षी पाहिलेली वस्तू कशी ओळखणार? क्षणभर वाटलं, रिकाम्या हातानं परत जावं. मग तुझ्या पेढीतलं आठवलं, मिसळलं की मिसळलं.

मी टॉवेल अंथरला आणि सगळ्याच घेतल्या.

"अवो, मंग गड्यांना च्या कशात देऊ?" बाई म्हणाल्या.

"घरातल्या कपात द्या," मी म्हणालो.

आप्पाराव उठले. मला वाटलं, अडवतील. ते नुसते आत गेले. मी टॉवेलाच्या चारी टोकांना गाठ मारली आणि भर रस्त्यानं, कपबश्या वाजवत घरी आलो.

त्या राखेनं घासून आपल्या मांडणीत लावल्या आहेत, आपल्या कपांमध्ये. पाहुणा आला की हाताला येईल ती द्यायची.

बुधवारी तुम्ही आलात की भाकरतुकडा ओवाळून टाकायला वनमालाकाकू येणार आहेत. त्यानंतर ओट्यावर चहा होईल. तुझ्या सासूला प्रवासाचा शीण असेल, म्हणून चहा मीच करीन. मांडणीतली एक कपबशी तू घे, एक मी घेईन. नातीला मांडीवर घेऊन माझ्यासमोर बस.

आता पत्र लिहू नकोस. काय ते तोंडानं बोल.

सटवाजी